खोक्यातला कागद

३ जून

रंधाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकली. फोन तू उचलत नाहीस. वहिनीच्या फोनवरून केला तर "राँग नंबर" म्हणून ठेवून देतेस. सख्खा भाऊ आणि राँग नंबर! बरं, असो. भांडायला लिहीत नाहीये.

एवढंच कळवायचं होतं, की दर तीन महिन्यांनी तुला माझ्या दुकानातून डोळ्यांच्या थेंबांचं पार्सल येतं, ते या वेळी येणार नाही. ती कंपनीच बंद पडली. माल येत नाही, फळीवर एक बाटली शिल्लक नाही. लाकडाच्या भुशाने तुझे डोळे चुरचुरतात हे मी विसरलेलो नाही, पण काय करणार? गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. काम करताना कडेने बंद असलेला चष्मा लाव. आणि डोळे चोळू नकोस, लहानपणापासून सांगतोय. घरात एखादी बाटली उरली असेल तर तीही टाकून दे, जुनी झाली असणार.

दुसरं असं, की एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून घे. आमच्या दुकानासमोरचा गादीवाला तुला आठवत असेल, कापूस पिंजून पिंजून दाढी पांढरी झालेला. त्याला काचबिंदू निघाला. दोन-तीन महिने तो स्वतःच्याच दाराच्या चौकटीला खांदा आपटत होता आणि आम्ही सगळे हसत होतो. डाव्या हाताला ठेवलेला चहा त्याने तीनदा सांडला. आता कळलं की त्याला तिकडचं दिसतच नव्हतं. चाळिशी उलटली की सगळ्यांनीच तपासून घ्यावं म्हणतात. म्हणून लिहिलं. घाबरण्यासारखं काही नाही, सहज.

वहिनी विचारते, नवीन करवत कशी चालते?

दादा

१९ जून

रंधाबाई,

तुझं कार्ड आलं! पोस्टमनने दिलं तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. त्या बिचाऱ्याने खोकल्याचं औषध मागितलं होतं आणि मी त्याच्या हातात पायाच्या भेगांचं मलम ठेवलं. चार वर्षांनी आलेल्या सात ओळी, त्यातल्या चार मला झापायला. तरी मी त्या पाच वेळा वाचल्या.

"थेंब पाठव. डोळे लालभडक झालेत, मशीनपुढे उभं राहवत नाही. ज्ञान नको. चष्म्याच्या दुकानात जाऊन तक्ता वाचून आले, सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा वाचली. डोळे ठणठणीत आहेत. तुझा गादीवाला म्हातारा आहे, मी नाही."

तू खालची ओळ वाचलीस यात मला नवल नाही. गादीवाल्यानेही वाचली होती. तक्ता समोर टांगलेला असतो आणि तो फक्त मधली नजर तपासतो. काचबिंदू समोरून येत नाही गं. कापडाला कसर लागते तसा तो कडेने खात येतो, मधला तुकडा शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि बाजूने येणारी सायकल त्याला दिसत नाही.

गादीवाल्याला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं तसं तुला सांगतो. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं. रडण्याचं नाही, आतलं. ते एका बारीक जाळीतून निघून जातं. जाळी तुंबली की पाणी साचतं, दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा भरून काढतो, राहिलेली भोकं मेंदू आजूबाजूच्या चित्राने बुजवून टाकतो. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय. मोतीबिंदू काढला की नजर परत येते, पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते, आणि तीही वेळेवर गेलं तरच.

म्हणून तक्ता पुरत नाही. डोळ्यातला दाब मोजायचा, मागची नस बघायची आणि कडेची नजर मशीनवर तपासायची, ज्याला फील्ड म्हणतात. तुझ्या कारखान्यापासून चार थांब्यांवर डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, मी शोधून काढलंय. पत्ता मागे लिहिलाय. सोमवार सोडून रोज सकाळी बघतात.

कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलंयस, "एवढा हात धुऊन मागे का लागलायस?" काही नाही गं. भाऊ आहे म्हणून.

थेंब खरंच नाहीत. आणि इथेतिथे दुसरीकडून घेऊ नकोस. तू दिवसातून किती वेळा घालायचीस? मी दोनदा सांगितलं होतं. दोनदाच ना?

दादा

१ जुलै

रंधाबाई,

पाकीट उघडलं आणि बाटली टेबलावर घरंगळत आली. सोबत तुझी चिठ्ठी.

"तुझ्या बंद पडलेल्या कंपनीची बाटली. बनवल्याची तारीख वाच, गेल्या महिन्यातली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मागितली आणि लगेच मिळाली. चार वेळा घालते, कधी पाच. आईच्या वेळीही तू असाच गोड बोलला होतास. आता काय लपवतोयस?"

तोंडात मारल्यासारखं झालं. बरं झालं.

ऐक. कंपनी चालू आहे. माझ्या फळीवर त्या थेंबांची बारा खोकी होती, ती मी मागच्या खोलीत नेऊन ठेवली. खोटं बोललो.

मे महिन्याच्या शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. हातात गादीवाल्याची बाटली. म्हणाल्या, "ही कुणाच्या चिठ्ठीवर दिलीत?"

मी म्हटलं, "चिठ्ठी नाही. कापसाने डोळे खाजायचे त्याचे."

"किती वर्षं देताय?"

"सहा."

त्यांनी खोकं मागितलं, उघडलं, आत बघितलं. "यातला कागद कुठाय?"

तो कागद मी काढून टाकतो, रंधाबाई. वीस वर्षांची सवय आहे. लोक घरी जाऊन दुष्परिणामांची यादी वाचतात, हातपाय गाळतात आणि चांगलं औषध सोडून देतात. मग दुसऱ्या दिवशी माझ्याशी वाद घालायला येतात. म्हणून जे गिऱ्हाईक घाबरट वाटेल त्याच्या खोक्यातून कागद काढायचा आणि तोंडाने सांगायचं, "काही होत नाही, बिनधास्त घ्या." मला ते मोठं शहाणपण वाटायचं. लोक तर मला डॉक्टरपेक्षा बरा म्हणायचे.

त्या थेंबांत स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तर सगळ्यांना आवडतात. डॉक्टर ते आठवडा-दोन आठवडे देतात आणि मध्ये दाब मोजतात. कारण काही लोकांच्या डोळ्यांत त्याने ती जाळी तुंबते आणि काचबिंदू होतो. कागदावर हे छापलेलं आहे. ठळक अक्षरात.

तुला मी पाच वर्षं पाठवतोय. प्रत्येक पार्सलातल्या प्रत्येक खोक्यातून मी स्वतःच्या हाताने तो कागद काढला आणि त्याच्या जागी चिठ्ठी घातली, "नेमाने घाल, दादा." तू फोन बंद केलास, पत्रं परत पाठवलीस, पण पार्सल कधी परत पाठवलं नाहीस. सही करून घ्यायचीस. मला वाटायचं, एवढा धागा तरी राहिलाय. पहिल्या वर्षी, तू अजून बोलत होतीस तेव्हा, खाज वाढली म्हणालीस तर मी दोन बाटल्या जास्तीच्या पाठवल्या, लाड म्हणून.

आईचं पण लिहितो, आता काय राहिलंय. तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की आठवडाभर काढेल. तू विचारलंस तर मी म्हटलं, "ठीक आहे, तुझं काम संपव आणि ये." तू ऑर्डर पूर्ण करून आलीस तोपर्यंत ती जाऊन तिसरा दिवस झाला होता. मला वाटत होतं की मी तुला त्रासातून वाचवतोय. तुला मी आईला भेटू दिलं नाही, हे खरं आहे. चार वर्षं मी स्वतःला दुसरंच काहीतरी सांगत होतो.

आता थेंब आजपासून बंद. आजच्या आज, आणि याच आठवड्यात हॉस्पिटलला जा. आधी आठ-दहा दिवस खाज दुप्पट होईल, ती सोस, डॉक्टरला सांग, तो साधं काहीतरी देईल. गेल्यावर पहिलंच वाक्य हे बोल: "पाच वर्षं स्टेरॉइडचे थेंब घालत होते." कागद सोबत जोडलाय. पूर्ण वाच.

दादा

१४ जुलै

रंधाबाई,

दोन आठवडे झाले, तुझा शब्द नाही. जीव टांगणीला लागलाय. आज राहवलं नाही, कारखान्याच्या फोनवर केला. तुझ्या पॉलिशवाल्या भागीदारणीने उचलला. मी फळ्यांचा व्यापारी आहे असं सांगणार होतो. शेवटी खरं सांगितलं, मी तिचा भाऊ.

ती म्हणाली, "ती बोलू नको म्हणालीय. पण तुम्हाला सांगते. गुरुवारी फळी चिरताना डावा हात पात्याला लागला. नशीब थोर, दोनच टाके पडले. म्हणते, लक्ष नव्हतं. पण तिचं लक्ष नाही असं बारा वर्षांत कधी झालेलं नाही. मी डावीकडून फळी धरून उभी होते, आणि ती मला म्हणते, तू कधी आलीस?"

 मी काउंटरखाली वाकून बसलो, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून.

ती करवत म्हणजे तुझं सगळं आहे हे मला माहीत आहे. बाबा तुला पटाशी धरू देत नव्हते, तेव्हा तू चोरून त्यांचा रंधा चालवायचीस. त्या करवतीसाठी तू सहा वर्षं घराला पडदे लावले नाहीस. तरी हात जोडून सांगतो, मशीन बंद कर. डॉक्टर बघेपर्यंत तिचा खटका दाबू नकोस. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, बोटांवर काढू नकोस.

रविवारचं तिकीट काढलंय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. माझं तोंड बघायचं नसेल तर एकच उपाय आहे, त्याआधी स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलला जाऊन ये.

गादीवाल्याला मी अजून सांगितलेलं नाही. तो रोज दुकानात येऊन माझे आभार मानतो, कारण डॉक्टरकडे न्यायला मीच रिक्षा बोलावली होती. मी मूग गिळून ऐकतो.

दादा

१८ जुलै

दादा,

तिकीट रद्द कर. जाऊन आले.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच थेंब बंद केले होते. पण जायचा धीर होत नव्हता. तू रविवारी येऊन पायरीवर बसशील आणि सगळ्या गल्लीला तमाशा दाखवशील, या भीतीने गेले. तेवढा तरी तुझा उपयोग झाला.

आधी दाब मोजला. डावा अडतीस, उजवा एकोणतीस. एकवीसपर्यंत ठीक म्हणतात. डॉक्टर म्हणाले, थेंब बंद करून पंधरा दिवस झालेत तरी एवढा आहे, म्हणजे आधी किती असेल. मग त्या फील्डच्या मशीनला बसवलं. पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. उजवा डोळा बरा गेला. डाव्याच्या वेळी बराच वेळ दिवाच लागेना. मी त्या मुलीला म्हटलं, "ताई, तुमचं मशीन बिघडलंय." ती म्हणाली, "मशीन चालू आहे. मधल्या वेळात एकोणीस दिवे लागून गेले."

दादा, त्यानंतर मला रडू आलं. तिथेच, वाडग्यात तोंड घालून. तिने मशीन थांबवलं.

डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ सगळी गेली. उजव्याची थोडी. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. नवीन थेंब दिलेत, दाब उतरवायचे, ते न चुकवता घालायचे. दाबाने थेंबांचं ऐकलं नाही तर ऑपरेशन. मी विचारलं, आधी आले असते तर? म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बहुतेक काहीच गेलं नसतं.

तुला माफ करायला मी अजून बसलेले नाही. वेळ लागेल, कदाचित जमणारही नाही. तोपर्यंत दोन कामं कर.

एक, गादीवाल्याला सांग. आणि त्याच्यासारखे जेवढे आहेत त्या सगळ्यांना. माझ्याजवळ पत्रात कबुली देणं तुला सोपं आहे, मी लांब आहे. त्यांच्या दारात जाऊन सांग.

दोन, मला सांग, मी करवतीवर परत उभी राहू शकते का? डॉक्टर म्हणतात, "सांभाळून काम करा." म्हणजे काय ते सांगत नाहीत, घाईत असतात. पॉलिशवाली म्हणते, सवयीने होईल. सगळे मला चुचकारतायत. फील्डच्या कागदाची झेरॉक्स पाठवतेय. तुला हे कळतं, आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही. म्हणूनच तुला विचारते. काय लिहितोस ते बघायचंय.

२ ऑगस्ट

रंधाबाई,

तुझी कामं सांगितल्या क्रमाने केली.

गादीवाल्याकडे सकाळीच गेलो. तो कापूस पिंजत होता. मी डावीकडून आत शिरलो आणि त्याला पत्ता नाही. खाकरलो तेव्हा दचकला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, थेंब, सहा वर्षं, कागद. त्याने हातातलं पिंजण बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मला वाटत होतं, वय झालं म्हणून आपटतोय. बायकोला रोज ओरडायचो, वाटेत सामान ठेवतेस म्हणून." मी म्हटलं, "चूक माझी आहे." तो म्हणाला, "ते झालं. आता जा इथून." आता तो दुकानात येत नाही. समोरून जाताना मान वळवतो.

बाकीच्यांची यादी आठवून आठवून केली. अकरा जण निघाले. पिठाच्या गिरणीवाली, दोन शाळामास्तर, एक रंगारी, असे. सगळ्यांच्या दारात गेलो. एकाने दार तोंडावर लावलं, एकीने पाणी दिलं. नऊ जण तपासून आले, त्यातल्या दोघांचा दाब वाढलेला निघाला. दोघांची नस अजून शाबूत आहे. उरलेल्या दोघांकडे पुन्हा जाणार आहे. डॉक्टरीणबाईंनी माझी रीतसर तक्रार केली. जबाबावर मी सही केली, एक शब्द बदलायला लावला नाही. दुकान राहतं की जातं ते ठरायचंय. वहिनीने जबाबाची प्रत वाचली. मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?" तिलाही सांगितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आता तुझा प्रश्न.

आठ दिवस या पत्राला बसतोय. तीन कागद फाडले. तिन्हीची सुरुवात "घाबरू नकोस" अशी होती. एकात मी लिहिलं होतं की आरसे लावून जमेल. दुसऱ्यात, की दाब उतरला की बघू. आरशांचं मला काही माहीत नाही. हात आपोआप तसं लिहितो.

मग तुझी झेरॉक्स घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर पट्टी ठेवून करवत मांडून दाखवली, पातं कुठे, तू कुठे, फळी कुठून येते, डावा हात कुठे असतो. पॉलिशवालीकडून फोनवर सगळी मापं घेतली होती. त्यांनी कागद फिरवून फिरवून बघितला. म्हणाल्या, "डावा हात पात्याजवळ जातो तेव्हा ही नजर त्याला अर्धा वेळ बघतच नाही. बघतेय असं तिला वाटत राहील, हाच धोका." मी विचारलं, सवयीने? म्हणाल्या, "नाही. न दिसण्याची सवय होत नाही, फक्त विसर पडतो." मी तेच दुसऱ्या शब्दांत आणखी दोनदा विचारलं. उत्तर बदललं नाही.

हातकामाला हरकत नाही असं त्या म्हणाल्या. रंधा, पटाशी, कोरीवकाम, जोडकाम, जिथे हात आणि हत्यार दोन्ही समोर असतात आणि तू थांबवलंस की थांबतात. मान फिरवून डावीकडे बघायची सवय लावायची. गाडीचंही विचारून घे, मी विचारलं नाही, भीती वाटली. ते माझं चुकलं, पुढच्या खेपेला विचारतो.

पण तू हातकामाचं विचारलं नव्हतंस. करवतीचं विचारलंस.

नाही, रंधाबाई. त्या करवतीवर परत उभी राहू नकोस. आत्ता नाही, आणि दाब उतरल्यावरही नाही. करवत तुझ्या हातून माझ्यामुळे गेली. हे वाचून तू पुन्हा माझं नाव काढलं नाहीस तरी उत्तर हेच आहे.

दादा